दुसऱ्या फेरीत शिखर गायब: बीमिम क्लोराइडच्या एका बाटलीचं प्रकरण

ऑगस्टचा दुसरा आठवडा. बडोद्यात पाऊस लागून राहिलेला, हवेत इतका ओलावा की बरणीत तांदळाचे दाणे टाकूनही मीठ चिकटत होतं. त्या दिवसांत मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या चाचणी प्रयोगशाळेत एक तपकिरी बाटली आली. सोबत दोन आलेख आणि एक चिडकं पत्र. पाठवणारा कारखाना शहराबाहेरचा. नाव सांगायचं कारण नाही. सुती चिंध्यांमधला सेल्युलोज विरघळवून त्याचा पुन्हा धागा काढता येतो का, हे ते बघत होते. त्यासाठी त्यांनी १-ब्युटिल-३-मिथिलइमिडाझोलियम क्लोराइड या आयनिक द्रवाच्या अर्ध्या अर्ध्या किलोच्या चार बाटल्या मागवल्या होत्या. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे बीमिम क्लोराइड म्हणतात.

तक्रार अशी. करारात वितळबिंदू किमान ६५ अंश सेल्सिअस लिहिलेला. त्यांच्या डीएससी यंत्रावर (तापवताना पदार्थ किती उष्णता घेतो याचा आलेख काढणारं यंत्र) पहिल्या फेरीत नमुना ५४ पासूनच वितळायला लागला, आणि शिखर पसरट, बसकं. तोच नमुना थंड करून पुन्हा तापवला तर शिखरच नाही, २५ पासून १०० पर्यंत सपाट रेषा. पत्रातला निष्कर्ष दोन ओळींचा होता: माल अशुद्ध आहे, शिवाय पहिल्याच तापवण्यात त्याचं विघटन होतं, तेव्हा चारही बाटल्या परत घ्याव्यात. पुरवठादाराचं म्हणणं, आमच्याकडून निघताना माल चोख होता. दोघांनी मिळून बाटली आमच्याकडे धाडली.

मीठच, पण आळशी

बीमिम क्लोराइड हे मीठच आहे. धन आयन आणि ऋण आयन, बस. पण स्वयंपाकघरातलं मीठ वितळायला ८०१ अंश लागतात आणि हे सत्तरच्या आत पाघळतं. १०० अंशांखाली वितळणाऱ्या क्षारांना आयनिक द्रव म्हणायची पद्धत आहे. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये नोंदवलेलं इथिलअमोनियम नायट्रेट तर १२ अंशांनाच वितळतं. कारण ढोबळपणे असं, की सोडियम आणि क्लोराइड हे दोन गोळे, ते फळीवर लाडू मांडावेत तसे नीट बसतात. बीमिम हा धन आयन मात्र वेडावाकडा आहे. मधे पाच कोनांचं चपटं वलय, एका बाजूला मिथिलची बुटकी शेंडी, दुसऱ्या बाजूला चार कार्बनांची ब्युटिल शेपटी. असला पाहुणा पंगतीत बसवायचा म्हणजे जागेची ओढाताण होणारच. रचना सैल राहते, थोड्या उष्णतेनंही मोडते.

आणि एकदा मोडली की पुन्हा बसायला तो कमालीचा आळस करतो. हे सगळं प्रकरण त्या आळसाचं आहे. आम्हाला ते कळायला तीन आठवडे लागले.

पहिला दिवस, पहिली चूक

डीएससीचं काम सोपं असतं. ॲल्युमिनियमच्या दोन इवल्या डब्या, एक रिकामी, एकीत पाच-सात मिलिग्रॅम नमुना. दोन्ही सारख्या वेगानं तापवायच्या आणि नमुन्याच्या डबीला किती जास्त उष्णता लागते ते बघायचं. पदार्थ वितळताना ती मागणी एकदम वाढते, आलेखावर शिखर उठतं.

आम्ही पहिल्या दिवशी कारखान्याच्या प्रयोगशाळेनं केलं तेच केलं: २५ ते १००, मिनिटाला १० अंश, परत थंड, परत तापव. आलेखही तोच आला. पहिल्यात बसकं शिखर, दुसऱ्यात काही नाही. माझ्या सहकारी मुलीनं पडद्याकडे बघत विचारलं, "सर, खरंच जळलं असेल का हो?"

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिनंच हिशोब काढला. हा पदार्थ विघटित व्हायला अडीचशे अंशांच्या आसपास जावं लागतं. शंभर अंशांवर काही मिनिटांत त्याला काय होणार? आम्ही डबी उघडली. आत काळं-पिवळं काही नव्हतं. स्वच्छ, मधासारखा घट्ट थेंब होता. खोलीचं तापमान २९ अंश, कागदोपत्री ६५ च्या वर वितळणारा पदार्थ, आणि तो समोर द्रवरूपात बसलेला.

जळालेला नव्हता, गोठायचं राहून गेलं होतं. दुसऱ्या फेरीत वितळण्याचं शिखर कुठून येणार? वितळायला आधी घट्ट स्फटिक असावा लागतो!

दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनची जोडणी लावून तोच नमुना उणे ९० पर्यंत नेला आणि हळूहळू वर आणला. उणे ५५ च्या जवळ आलेखात शिखर नाही, एक पायरी दिसली. काचेची पायरी. थंड होताना आयन रांगेत बसले नाहीत, जिथे होते तिथेच जखडले गेले. पदार्थ घट्ट झाला पण स्फटिक झाला नाही. कोरड्या बीमिम क्लोराइडची ही पायरी साधारण उणे ५० च्या किंचित वर येते; आमची थोडी खाली आली होती, आणि तो पाण्याचा पहिला सुगावा होता. कारखान्याच्या माणसांनी आलेख २५ पासून सुरू केला, म्हणून त्यांना ही पायरी दिसणं शक्यच नव्हतं. रिकाम्या खिडकीतून बघून त्यांनी घर रिकामं असल्याचा दाखला दिला होता.

वजनकाटा थांबेचना

आता पहिल्या फेरीतलं ५४. ते तर स्फटिकाचंच होतं, मग ६५ का नाही?

उत्तर वजनकाट्यावर मिळालं. सहकारीनं बाटलीतून वाटाण्याएवढा खडा चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवला, आणि शेवटचा आकडा स्थिरच होईना. ०.३१२, ०.३१३, ०.३१५. आम्ही दोघं डोकं टेकवून बघत होतो. दोनेक मिनिटांत खड्याच्या कडा चकाकायला लागल्या, चारेक मिनिटांत त्याच्याखाली ओला ठसा उमटला. हवेतलं पाणी ओढून तो स्वतःच स्वतःत विरघळत होता. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांवर तोच चिकट थर होता. बाटली किती वेळा उघडली, असं फोनवर विचारलं, तर पलीकडून सहज उत्तर आलं, "होगा भाई, दस-बारा वखत." बडोद्याच्या पावसाळ्यात, उघड्या टेबलावर.

कार्ल फिशर पद्धतीनं पाणी मोजलं. उघडलेल्या बाटलीत वजनानं १.८ टक्के. पुरवठादारानं त्याच लॉटमधली एक सीलबंद बाटली धाडली होती, तिच्यात ०.२ टक्के.

१.८ टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण वितळबिंदू वजनाला विचारत नाही, कणांच्या संख्येला विचारतो. पाण्याचा रेणू १८ वजनाचा, बीमिम क्लोराइडची जोडी जवळजवळ १७५ ची. हिशोब केला तर वजनाचे १.८ टक्के म्हणजे रेणूंचे १५ टक्के होतात; दर सात रेणूंमागे एक पाण्याचा. एवढ्या पाहुण्यांमुळे वितळबिंदू आठ-दहा अंश खाली येणं आणि शिखर पसरणं हे अगदी अपेक्षित आहे. सीलबंद बाटलीतला नमुना कोरड्या नायट्रोजनच्या पिशवीत हाताळून, मिनिटाला २ अंश अशा संथ वेगानं पहिल्यांदा तापवला, तर शिखर ६६ च्या वर, उभं आणि टोकदार.

तक्रारीचे दोन्ही मुद्दे इथे सुटले होते. खरं तर अहवाल इथेच लिहून मोकळं व्हायला हवं होतं. पण त्या टोकदार शिखराच्या पायथ्याशी डाव्या हाताला एक बारीक खांदा होता. तो मला सोडवेना.

सरळ शेपटी, मुरडलेली शेपटी

खांद्याचा संशय आधी पाण्यावरच गेला. सहकारी म्हणाली, निर्वात भट्टीत ७५ अंशांवर चोवीस तास ठेवून वाळवूया. ठेवला. पाणी गेलं, पण ७५ ला पदार्थ वितळलेला होता. बाहेर काढला तेव्हा द्रव, आणि तो द्रवच राहिला. पाणी काढायच्या नादात जो स्फटिक तपासायचा तोच आम्ही मोडून टाकला. ही आमची दुसरी चूक. पुढच्या वेळी खडे ४५ अंशांवर, म्हणजे न वितळता, पाणी शोषून घेणाऱ्या फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या शेजारी निर्वातात चार दिवस ठेवले. खांदा लहान झाला, पण गेला नाही.

इथे जुनं वाचन कामाला आलं. या एका पदार्थाचा वितळबिंदू वेगवेगळ्या तक्त्यांत चांगलाच वेगळा सापडतो. जुन्या काही ठिकाणी ४१, नंतरच्यांत ६५ च्या पुढे. शिकाऊ माणूस म्हणेल कोणीतरी चुकलंय. पण २००३ मध्ये हॉलब्री आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वर्षी टोकियो विद्यापीठातल्या हिरो-ओ हामागुची यांच्या गटानं दाखवलं की बीमिम क्लोराइड दोन वेगवेगळ्या स्फटिकांत बसतं. फरक कशाचा? त्या ब्युटिल शेपटीचा. वलयापासून निघाल्यावर पहिल्या दोन कार्बनांमधल्या बंधाभोवती शेपटी फिरू शकते. एका स्फटिकात ती सरळ ताणलेली असते, दुसऱ्यात त्या बंधापाशी मुरडलेली. रासायनिक सूत्र एकच, आयन तेच, पण बसण्याची ढब निराळी, त्यामुळे सबंध मांडणीच निराळी.

ज्यांच्या घरात तूप कढतं त्यांना हे नवं नाही. तेच तूप सावकाश निवलं तर रवाळ होतं, घाईनं निवलं तर गुळगुळीत. माझी काकू दांडिया बाजारातल्या जुन्या घरात तुपाचं पातेलं मुद्दाम जाड फडक्यात गुंडाळून ठेवायची. रसायनशास्त्र तिच्या गावी नव्हतं, पण स्फटिकाला वेळ द्यावा लागतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेपटी सरळ की मुरडलेली हे रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावर लेसर टाकल्यावर विखुरणाऱ्या प्रकाशाच्या आलेखात दिसतं. सरळ शेपटीची खूण ६२५ प्रतिसेंटिमीटरला, मुरडलेलीची ६०३ ला. आम्ही सीलबंद बाटलीतून दोन खडे वेचले, एक वरच्या पापुद्र्यातला भुरभुरीत, एक तळाचा सुईसारखा लांब. काचेच्या बारीक नळ्यांत बंद करून शहरातल्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेतून वर्णपट काढून आणले. एका खड्यात ६२५ ची रेषा ठसठशीत आणि ६०३ जवळपास नाही. दुसऱ्यात नेमकं उलट. एकाच बाटलीत दोन्ही बांधण्या नांदत होत्या. तिसरी नळी मुद्दाम वितळवून नेली होती. तिच्यात दोन्ही रेषा शेजारीशेजारी.

या तिसऱ्या नळीवर जरा थांबतो. वितळणं म्हणजे स्फटिकाची भिंत ढासळणं, एवढंच आपण शाळेत शिकतो. इथे त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. स्फटिकात सगळ्या शेपट्या एकाच ढबीत अडकलेल्या असतात, द्रवात काही सरळ, काही मुरडलेल्या. म्हणजे घनाचा द्रव होण्याच्या या प्रावस्थांतरात आयनांच्या जागाही बदलतात आणि आयनांचा आकारही. हामागुचींच्या गटानं वितळणाऱ्या स्फटिकाचा रामन वर्णपट वेळेनुसार नोंदवला, तेव्हा ६२५ आणि ६०३ यांचं प्रमाण स्थिर व्हायला दहा मिनिटांच्या घरात वेळ लागला. एकट्या रेणूत असली मुरड सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही आत होऊन जायला हवी. मग दहा मिनिटं का? कारण शेपटी एकटीनं वळत नाही. आजूबाजूच्या शेपट्या एकमेकींना धरून असतात, वळायचं तर घोळक्यानं वळावं लागतं. पडद्यावर वितळण्याचं शिखर उतरून रेषा सपाट झालेली असते, आपण वितळलं म्हणून पुढे जातो, आणि आत अजून आवराआवर चाललेली असते.

द्रव झाल्यावरही सगळं विस्कटत नाही. क्लोराइडभोवती धन आयन आणि धन आयनाभोवती क्लोराइड ही आळीपाळी कायम राहते. वलयातला दोन नत्रांच्या मधला हायड्रोजन क्लोराइडला धरून असतो. हार्डेकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच कुळातल्या डायमिथिलइमिडाझोलियम क्लोराइडच्या द्रवावर न्यूट्रॉन सोडले, तर आयनांची जवळची मांडणी स्फटिकाशी बरीच मिळतीजुळती निघाली. शेपट्या लांब होत गेल्या की त्यांचे तेलकट घोळके वेगळे पडतात आणि विद्युतभारित भागांची जाळी वेगळी. कानोंगिया लोपेस आणि पादुआ यांनी २००६ मध्ये हे संगणकी प्रतिमानात दाखवलं, पुढल्या वर्षी त्रिओलो यांच्या गटानं क्ष-किरणांनी खूण पटवली. सोळा कार्बनांची शेपटी असलेला हेक्साफ्लुओरोफॉस्फेट क्षार तर स्फटिकातून थेट साध्या द्रवात जातच नाही. पंचाहत्तरच्या सुमारास थराथरांचा द्रवस्फटिक होतो आणि खरा द्रव व्हायला सव्वाशेपर्यंत थांबतो. चार कार्बनांची आमची शेपटी त्यामानानं आखूड, एवढे नखरे ती करत नाही.

विरजण

गोठायला हा आळशी का, हे आता सांगता येतं. थंड होणाऱ्या द्रवात दोन ढबींच्या शेपट्यांची सरमिसळ असते. स्फटिकाचा पहिला कण बनायचा तर एका जागी पुरेशा आयनांनी एकाच वेळी एकच ढब धरायला हवी, तीही भार जुळवून. द्रव तर मधासारखा घट्ट, हालचाल मंद. जमून येईतो तापमान आणखी उतरतं, घट्टपणा आणखी वाढतो, आणि शेवटी काच. चिबा विद्यापीठात केइको निशिकावा यांच्या गटानं अतिशय संवेदनशील उष्णतामापक बांधून बीमिमच्या क्लोराइड आणि ब्रोमाइडचं वितळणं-गोठणं तपासलं. ब्रोमाइड एका टप्प्यावर ठराविक लयीत वितळत आणि पुन्हा गोठत राहतो, असं त्यांना २००७ मध्ये आढळलं. शेपटी वळणं आणि स्फटिक जुळणं एकमेकांत गुंतलेलं आहे, याचं इतकं बोलकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कारखान्याच्या माणसांना हे आलेखांनी पटणार नव्हतं, म्हणून त्यांना बोलावून दाखवलं. वाळवताना वितळलेला द्रव आम्ही दोन छोट्या कुप्यांत भरून कोरड्या पिशवीत ठेवला होता. अकरा दिवस झाले होते, दोन्ही कुप्या पातळच. सहकारीनं सुईच्या टोकावर स्फटिकाचा कण घेतला, रव्यापेक्षाही बारीक, आणि एका कुपीत सोडला. अर्धा मिनिट काही नाही. मग त्या कणाभोवती पांढरं वर्तुळ दिसलं, त्यातून बारीक काटे फुटले. काटे भिंतीपर्यंत पोचायला बराच वेळ लागला. आम्ही मधे चहा पिऊन आलो. संध्याकाळपर्यंत कुपी पांढरी टणक. पाहुण्यांमधल्या वयस्कर गृहस्थांनी कुपी हातात घेतली आणि म्हणाले, "ओ हो, मेळवण नाख्युं." मेळवण म्हणजे आपलं विरजण. आमच्या चार पानी अहवालात हे इतकं नेमकं कुठे आलं नव्हतं.

त्या टणक कुपीतला खडा डीएससीत घातला. शिखर जागेवर हजर. तापवून जळालेला पदार्थ असा परत येत नाही.

निकाल

अहवालात आम्ही लिहिलं ते असं. विघटन झालेलं नाही. सीलबंद माल करारानुसार आहे. उघडलेल्या बाटलीतला वितळबिंदू पाण्यामुळे उतरला आहे आणि ते पाणी कारखान्यात शिरलं आहे. पायथ्याचा खांदा बहुतांशी पाण्याचा, उरलेला दुसऱ्या बांधणीचा. ती अशुद्धी नव्हे.

गंमत म्हणजे कारखान्याचं कारण चुकीचं होतं, तरी ती एक बाटली त्यांनी बाजूला काढली हे बरोबरच झालं. बीमिम क्लोराइडमध्ये सेल्युलोज विरघळतो हे अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स यांच्या गटानं २००२ मध्ये दाखवलं. क्लोराइड आयन सेल्युलोजच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सोडवतात म्हणून ते घडतं. पाणी आलं की क्लोराइड पाण्याला धरतात, साखळ्यांकडे बघत नाहीत. विरघळलेला सेल्युलोज परत बाहेर काढायला पाणीच ओततात. दमट बाटली त्यांच्या कामाला नालायक होतीच, फक्त ती नालायक झाली त्यांच्या टेबलावर.

उलट ज्या वितळबिंदूवरून एवढं भांडण झालं, त्याचा त्यांच्या कामाशी संबंध जेमतेम. ते पदार्थ शंभर अंशांपर्यंत तापवूनच वापरणार होते. त्या तापमानाला शेपटी आधी सरळ होती की मुरडलेली, हे चिंधीला विचारून काय कळणार? म्हणून करारात वितळबिंदूच्या आधी पाण्याची मर्यादा लिहा, ०.५ टक्के, असं सुचवलं. वितळबिंदू ठेवायचाच असेल तर सोबत रीतही लिहा: न उघडलेली बाटली, कोरडी पिशवी, पहिलीच फेरी, मिनिटाला २ अंश, आणि दुसरी फेरी घेतलीच तर उणे ९० पासून. पुरवठादाराला हे लगेच पटलं. कारखान्यानं रीत मान्य केली, पण ०.५ वर महिनाभर घासाघीस चालली.

तीन सीलबंद बाटल्या त्यांनी ठेवून घेतल्या. चौथी, उघडलेली, आमच्याकडेच राहिली. पुरवठादारानं तिच्याऐवजी नवी दिली, त्याची चूक नसताना. स्फटिकाचा कण न सोडलेली दुसरी कुपी सहकारीच्या टेबलावर आहे, दिवाळी उलटली तरी पातळ. आणि रामन वर्णपटाचे पैसे कारखान्यानं बिलातून कापले. ते आम्ही सांगितलं नव्हतं, तुम्हीच हौसेनं काढलंत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटंही नाही.